पाट माजावर आली, म्हणजे तयार झाली काय?

शेळी पाळणाऱ्या कोणत्याही घरी जाऊन विचारावे, की ही पाट केव्हा भरवणार? उत्तर बहुधा एकच मिळते : माजावर येईल तेव्हा. हे उत्तर इतके सरळ आहे की त्यात काही चूक असेल, अशी शंकाही कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही मनात ती आली नव्हती. मी कृषी शाखेचा पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. तथापि खेड्यात काम करणाऱ्या अधिकाऱ्यास भातापासून बोकडापर्यंत सर्व प्रश्न विचारले जातात, आणि माहीत नसलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह त्यास आवरत नाही. त्या मोहाची किंमत एकदा दुसऱ्यांनी मोजली, म्हणून हा लेख लिहीत आहे. यातील मते माझी स्वतःची आहेत.

सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर महिलांच्या बचत गटाने कर्ज काढून दहा पाटी घेतल्या. सात महिन्यांच्या सुमारास त्यांतील आठ एकामागून एक माजावर आल्या. ओरडू लागल्या, शेपूट हलवू लागल्या. गटातील बायकांनी मला विचारले. मी नव्या उमेदीचा. ‘बोकड दाखवा,’ असे सांगून मोकळा झालो आणि महिन्याच्या अहवालात ‘आठ शेळ्या गाभण’ असे लिहून कळवले. पाच महिन्यांनी त्यांतील दोन अडल्या. एकीच्या पोटातील करडू पशुवैद्यांनी ओढून काढले. दुसरी अडली ती रात्री, आणि रस्ता खराब, त्यामुळे डॉक्टर पोहोचण्यापूर्वीच ती गेली. बाकीच्या व्याल्या खऱ्या, परंतु कासेला दूध नव्हते. तीन करडे आठवड्याच्या आत मेली. गटाचे कर्ज मात्र जिवंत राहिले.

मी पाड्यावर गेलो तेव्हा कोणी मला दोष दिला नाही. एका वृद्ध बाईंनी एवढेच म्हटले, “साहेब, पोरीला न्हाण आलं म्हणून लगेच घरात पाळणा बांधायचा का?” मला उत्तर देता आले नाही. पुढे या विषयावरील पुस्तके उघडली, तेव्हा दिसून आले की आजीबाईंचे म्हणणे आणि शास्त्राचे म्हणणे एकच आहे. शास्त्राने फक्त त्याची कारणे शोधून काढली आहेत. ती कारणे ग्रामस्तरावरील प्रत्येक कार्यकर्त्यास आणि पशुसखीस माहीत असावीत, असे मला वाटते. कारण कळल्याशिवाय नियम पाळला जात नाही, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे.

वयात येणे ही एका दिवसात घडणारी गोष्ट नव्हे. तिची सुरुवात अंडाशयात होत नाही. ती मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. तेथून जी.एन.आर.एच. नावाचे एक हॉर्मोन, म्हणजे संप्रेरक, थांबून थांबून सुटते. त्याची रचना अँड्र्यू शॅली व रॉजर गिलेमन या दोन शास्त्रज्ञांनी १९७१ च्या सुमारास उलगडली. पहिल्याने डुकरांचे व दुसऱ्याने मेंढ्यांचे मेंदू हजारोंनी गोळा करून हे काम केले, आणि १९७७ च्या नोबेल पारितोषिकात दोघांनाही वाटा मिळाला. हे संप्रेरक खालच्या पोष ग्रंथीस जागे करते. पोष ग्रंथी एल.एच. व एफ.एस.एच. ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. ती अंडाशयास पोहोचली म्हणजे तेथे अंडी पक्व होऊ लागतात, अंडाशयातून इस्ट्रोजेन स्रवते आणि पाट माजाची लक्षणे दाखवते. म्हणजे आपण गोठ्यात उभे राहून जो माज पाहतो, ते या साखळीचे शेवटचे टोक असते.

मग ही साखळी लहान करडात चालू का होत नाही? तिचे सर्व दुवे जन्मापासून जागेवर असतात. परंतु लहान वयात अंडाशयातून येणारे थोडेसे इस्ट्रोजेनही मेंदूस दाबून धरण्यास पुरेसे होते. बंधाऱ्याच्या दारात फळ्या घातल्या म्हणजे पाणी असूनही कालवा कोरडा राहतो, तसाच हा प्रकार आहे. करडू वाढते तसतशा या फळ्या एकेक निघतात. एल.एच.चे झटके प्रथम क्वचित, मग तासातासाने येऊ लागतात, आणि एके दिवशी तेच इस्ट्रोजेन दाबण्याऐवजी उलट चेतवण्याचे काम करते. त्या दिवशी पहिले अंडे सुटते.

फळ्या काढणारा हात कोणाचा, याचा शोध अगदी अलीकडचा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथील कर्करोगावर काम करणाऱ्या संशोधकांना १९९६ मध्ये एक जनुक सापडले. गावच्या ‘किस’ नावाच्या चॉकलेटवरून त्यांनी त्याला ‘किस-१’ असे नाव दिले. त्यापासून तयार होणाऱ्या द्रव्यास पुढे किसपेप्टिन म्हणू लागले. वयात येण्याशी त्याचा काही संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. २००३ मध्ये दोन निरनिराळ्या संशोधकगटांनी दाखवून दिले की, किसपेप्टिनचा संदेश ग्रहण करणाऱ्या जनुकात दोष असला तर माणूस वयातच येत नाही. यानंतर सर्व जनावरांत शोध सुरू झाला.

या शोधात शेळीने मोठी कामगिरी बजावली आहे, आणि ती आपल्या लोकांच्या कानावर गेलेली नाही. जपानमधील त्सुकुबा येथे शिबा जातीच्या लहान शेळ्यांच्या मेंदूत, किसपेप्टिन तयार करणाऱ्या पेशींजवळ, सूक्ष्म तारा बसवून तेथील विजेच्या हालचाली नोंदवण्यात आल्या. त्या पेशी ठराविक अंतराने एकदम चेततात, आणि त्या चेतल्या की प्रत्येक वेळी रक्तात एल.एच.चा झटका येतो, असे आढळले. त्याच पेशींत न्यूरोकायनिन-बी हे द्रव्य चालना देते आणि डायनॉर्फिन लगाम खेचते, हेही शेळीवरील कामातून स्पष्ट झाले. शेळीच्या वयात येण्याचे घड्याळ सापडले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढचाच आहे. या घड्याळास किल्ली कोण देतो? थंड देशांत दिवसाची लांबी हे त्याचे मोठे उत्तर आहे. तेथे हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील दिवसांत मोठा फरक पडतो, आणि रात्री स्रवणाऱ्या मेलॅटोनिनच्या प्रमाणावरून शेळीचा मेंदू ऋतू ओळखतो. आपले ठाणे-कल्याण सुमारे १९ अंश अक्षांशावर आहे. येथे जूनमधील मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधील लहानात लहान सुमारे अकरा तासांचा. एवढ्या फरकाने आपल्या शेळीचे फारसे अडत नाही. ती बारा महिन्यांत केव्हाही माजावर येऊ शकते. आपल्याकडे किल्ली आहे ती आहाराच्या हाती. अंगावर चरबी साठू लागली म्हणजे तिच्यातून लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात येते. हे १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत प्रथम सापडले. घरात धान्य आहे की नाही, ही बातमी मेंदूस पोहोचवणे हे त्याचे काम. बातमी चांगली असेल तर मेंदू परवानगी देतो, नसेल तर थांबतो. करडाच्या मेंदूस पंचांग वाचता येत नाही. शरीराचा साठा मात्र त्याला कळतो.

हे पाहावयाचे असेल तर प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. कल्याण स्थानकावर उतरून आधी शहराच्या जुन्या वस्तीत फिरावे आणि मग मुरबाडची गाडी धरावी. शहरातील शेळी भाजीबाजारातील पाला, घरातील भाकरी-चपाती, डाळीची साले यांवर वाढते. तिचे चालणे थोडे आणि खाणे बरे. अशी पाट सहाव्या महिन्यासच ओरडू लागते. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली आणि २०१५ मध्ये भोपर, हेदुटण्यासारखी सत्तावीस गावे तिला पुन्हा जोडली गेली. त्या गावांत भाताची खाचरे इमारतींखाली जात आहेत, चराई संपत आहे, पण शेळी अजून दारात बांधलेली आहे आणि तिचा आहार शहरी झाला आहे. याउलट मुरबाड-शहापूरच्या डोंगराळ भागात पाट दिवसभर चालते, मिळेल तो पाला ओरबाडते, पावसाळ्यात जंतांनी पोखरली जाते आणि वर्षाची झाली तरी माजाचे नाव घेत नाही. दोघी एकाच जातीच्या, क्वचित एकाच आईच्याही असतील. जनुके तीच, पण फळी एकीची लवकर निघाली आणि दुसरीची अडकून बसली.

आपल्या सल्ल्यात दोन्हीकडे चूक होते. शहराजवळील पाटीस आपण फार लवकर भरवतो, कारण ती माजावर आलेली असते. डोंगरातील पाटीस वांझ समजून कसायास विकतो, कारण ती माजावर येत नाही. पहिली अजून कोवळी असते आणि दुसरी उपाशी असते. दोघींचा निकाल आपण माजावरून लावतो, आणि माज तर मेंदूचा केवळ पहिला होकार आहे. कंबरेच्या हाडाचा, गर्भाशयाचा व कासेचा होकार त्यानंतर यावयाचा असतो. पुष्कळदा पहिल्या एकदोन वेळी अंडे सुटते पण माज दिसत नाही, किंवा माज दिसतो पण चक्र अर्ध्यावरच मोडते, कारण पीतपिंड नीट टिकत नाही. पहिले दोन-तीन माज सोडून द्यावेत, असा जो सल्ला जुनी माणसे देतात, त्यास हा आधार आहे.

तेव्हा निकाल कशावरून लावावा? माझ्या मते वजनावरून, आणि तेही आईच्या वजनाशी ताडून. पाट आपल्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या शेळीच्या दोन-तृतीयांश वजनाची झाली म्हणजे ती भरवण्यास योग्य. आई ३० किलोची असेल तर पाट २० किलोची व्हावी. उस्मानाबादी शेळी साधारण ३२ किलो भरते, म्हणजे तिच्या पाटीस २१ किलोच्या खाली बोकड दाखवू नये. आपल्या जिल्ह्यातील गावठी शेळ्या याहून लहान असतात, म्हणून ठराविक आकडा पाठ करण्यापेक्षा हे प्रमाण लक्षात ठेवणे बरे. दोन किलोचे करडू दहा महिन्यांत वीस किलोचे करावयाचे असेल तर दिवसाला सरासरी ६० ग्रॅम वाढ हवी. हे अशक्य नाही. पण आपोआप होणारेही नाही.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो टाकाऊ नाही. शेतकरी म्हणतो, “तुम्ही तीन महिने थांबा म्हणता, पण तीन महिने तिला फुकट कोण खाऊ घालणार? गटाचा हप्ता तर दर महिन्याला आहे.” खरे आहे. पण हिशेब एका वेतापुरता करून चालत नाही. सात महिन्यांची पाट भरवली तर ती बाराव्या महिन्यात विते. स्वतःची वाढ आणि पोटातील करडाची वाढ या ओढाताणीत तिची उंची खुंटते, दूध कमी येते, करडू दुबळे निपजते, आणि अंग भरून यावयास वेळ लागत असल्याने पुढचा माजही लांबतो. जे तीन महिने वाचवले असे वाटले ते दुसऱ्या वेताच्या वेळी व्याजासह द्यावे लागतात. आणि ती अडली तर मुद्दलच जाते. माझ्या त्या पाड्यावर गेले तसे.

आता बोकडाविषयी. माजावर आलेल्या शेळीला बोकड शोधत जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु बोकड स्वतःच शेळीस माजावर आणतो, हे तितके ठाऊक नाही. जपानी संशोधकांनी बोकडांच्या डोक्यावर टोपीसारखे साधन बसवून त्यांच्या केसांतून येणारा वास गोळा केला आणि २०१४ मध्ये त्यातील ४-इथिलऑक्टॅनल नावाचे द्रव्य मुख्य असल्याचे जाहीर केले. त्या वासाने शेळीच्या मेंदूतील वर सांगितलेले घड्याळ चेतते. ज्या वासाला शेजारी नाके मुरडतात, तो असा कामाचा आहे. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा. वजन पुरे झालेली पाट माजावर येत नसेल तर वयस्क बोकड काही दिवस जवळ बांधावा. वजन पुरे नसलेल्या पाटींच्या गोठ्यात मात्र बोकड ठेवू नये. बहुतेक घरी जागेअभावी सर्व एकत्र कोंबलेले असतात. त्यातही धोका मोठ्या बोकडाचा कमी आणि बरोबरीच्या भावांचा अधिक, कारण नर करडू चार-पाच महिन्यांतच फळवण्यास समर्थ होते आणि घरच्यांच्या नजरेत ते अद्याप ‘पिल्लू’ असते. तीन महिन्यांनंतर नर करडे वेगळी बांधावीत किंवा पशुवैद्यांकडून खच्ची करून घ्यावीत. पाट केव्हा गाभण राहिली हेच कळले नाही, असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा निम्म्या वेळी उत्तर तिच्याच आईच्या पोटचे असते.

जनुकांविषयी अलीकडे बरेच बोलले जाते, आणि ‘लवकर वयात येणारी जात आणा’ असा आग्रह तरुण शेळीपालक धरतात. अशा जाती आहेत. चीनच्या शांतुंग प्रांतातील जिनिंग ग्रे ही शेळी अगदी लहान वयात माजावर येण्याबद्दल प्रसिद्ध आहे, आणि तेथील शास्त्रज्ञांनी तिची तुलना उशिरा वयात येणाऱ्या जातींशी करून किस-१ व इतर अनेक जनुकांत फरक शोधले आहेत. आपल्या देशातील ब्लॅक बंगालही लवकर विणारी व जुळी-तिळी देणारी आहे. पण या गुणाच्या मागे एकच जनुक नाही. अनेक जनुके थोडा थोडा भार उचलतात, आणि त्यांवर आहाराचा भार पडतो. एका जनुकाचे काम किती नीटनेटके असते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ मेंढीत असलेले जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. ते जनुक कोणत्या करडात, म्हणजे तेथे कोकरात, आले हे रक्त तपासून सांगता येते. वयात येण्याच्या बाबतीत असे एक बटण अद्याप नाही. आणि फलटणच्या कामातही आईच्या पोटात दोन कोकरे आली की तिला दोघांचा आहार द्यावा लागतो, हे सुटलेले नाहीच.

लवकर वयात येणारी जात ज्याच्याकडे वैरण व खुराक मुबलक आहे त्यास लाभेल. चराईवर जगणाऱ्यास ती महाग पडेल. दारात फळी काढणारा हात अधिक घाईचा, आणि मागे पाणीच नाही, अशी अवस्था होईल. आपल्या भागात उस्मानाबादी बोकड बहुतेक ठिकाणी पुरेसा आहे, आणि तो निवडताना ज्याची आई वेळेवर व्याली, जिने जुळी दिली व दोन्ही जगवली, तो घ्यावा. हीही जनुकांचीच निवड आहे, फक्त प्रयोगशाळेची पावती तिच्याबरोबर येत नाही.

एक जनुक मात्र प्रत्येक शेळीपालकाने ओळखावे, आणि ते डोळ्यांना दिसते. बिनशिंगी शेळी लोकांना आवडते, कारण ती मारत नाही. परंतु शिंगे न येण्यास कारणीभूत असलेला आनुवंशिक दोष, आईबाप दोघांकडूनही आला, तर मादी करडाचे अंडाशय घडतच नाही. करडू वरून मादीसारखे, वागणे नरासारखे, आणि आयुष्यात माज नाही. शेळीच्या गुणसूत्रातील सुमारे ११,७०० अक्षरांचा तुकडा गळाल्याने असे होते, हे फ्रान्समधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले. कितीही खुराक घातला तरी अशी पाट फळणार नाही. तिच्यावर औषधाचा खर्च करू नये. उपाय एकच : बिनशिंगी शेळीस नेहमी शिंगे असलेला बोकड दाखवावा. म्हणून कोणी ‘माजावर न येणारी पाट’ दाखवली की मी आधी तिच्या कपाळाकडे आणि मग शेपटीखाली पाहतो.

आणि इंजेक्शने? हा विषय टाळता येत नाही. संप्रेरकांचा स्पंज ठेवून व सुई देऊन शेळ्यांचा कळप एकाच वेळी माजावर आणता येतो, आणि पूर्ण वाढलेल्या शेळ्यांत पशुवैद्यांच्या हातून ते केले तर कृत्रिम रेतनासाठी सोयीचे आहे. माझा विरोध आहे तो अपुऱ्या वजनाच्या पाटीस सुई टोचून माज आणण्यास. मेंदू ‘अजून नाही’ असे म्हणत असताना बाहेरून दार फोडण्यासारखे ते आहे. शिवाय माज आणण्यासाठी वापरतात ती प्रोस्टाग्लँडिनची औषधे माणसाच्या कातडीतूनही शरीरात जातात. गरोदर स्त्रियांनी व दमेकऱ्यांनी ती हाताळू नयेत. गोठ्यातील काम बहुधा बायकाच करतात, त्यामुळे बाटली घरात आणून ठेवणारा पुरुष कोणता धोका ठेवून जातो, हे त्यास सांगितले पाहिजे. पशुसखींनी तर हे प्रत्येक बैठकीत सांगावे.

राहता राहिला पावसाळा. ठाणे जिल्ह्याचा शेळीपालक देशावरच्या लेखांतून शिकला तर येथेच फसतो. देशावर पाऊस म्हणजे चारा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये चारा हिरवागार असतो, पण शेळी बाहेर पडू शकत नाही. ओल्या कोवळ्या गवताने पोट भरते, अंग भरत नाही. खूर कुजतात, छाती भरते, आणि जंतांना तर हा सणच. याच चार महिन्यांत पाटींची वाढ थांबते, आणि पुढे डिसेंबरमध्ये ‘माजावर का येत नाही’ म्हणून विचारणा होते. मेंदूस मिळालेली बातमी ऑगस्टमधील असते. म्हणून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर जंताचे औषध, आंत्रविषाराची लस वेळेवर, जमिनीपासून उंच कोरडा माचा, आणि दुधावरून तोडल्यापासून रोज १०० ग्रॅम, पुढे वाढवीत २०० ग्रॅम खुराक, एवढे तरी पाटीस मिळाले पाहिजे. भाताचा कोंडा, मक्याचा भरडा, थोडी पेंड, क्षारमिश्रण आणि मीठ यांतून तो घरी होतो. फणसाचा, उंबराचा, शेवरीचा पाला सुकवून ठेवावा. सुबाभूळ उत्तम आहे, मात्र एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरवलेली शेळी ऐन जुलै-ऑगस्टमध्ये विते, हेही विसरू नये. ते दोन महिने बोकड बांधून ठेवलेला बरा. शहराकडील वाचकांस उलटे सांगावे लागते : शिळ्या चपात्या व भात यांचा मारा करू नका. पोटात आम्ल होऊन शेळी एका रात्रीत जाते.

या सर्वांसाठी जे एक साधन लागते ते आपल्या गटांत सहसा नसते. दहा शेळ्या व एक बोकड ही योजना आपल्या तोंडी इतकी बसली आहे, की गटाची प्रगती विचारली असता आपण आकडाच सांगतो. किती शेळ्या, किती गाभण, किती व्याल्या. मीही वर्षानुवर्षे तेच लिहिले. प्रत्येक गटाबरोबर एक ५० किलोचा ताणकाटा आणि एक वही गेली पाहिजे, आणि कार्यकर्त्याच्या भेटीत ‘गाभण किती’ याआधी ‘वजन किती’ हा रकाना भरला गेला पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. ताणकाटा कल्याणच्या बाजारात मिळतो. गटातील एका बोकडाच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

त्या पाड्यावर आता असा काटा आहे. पडवीच्या वाशास तो अडकवलेला असतो. गोणपाटाला चार कोपऱ्यांत दोरी बांधून झोळी केली आहे, तिच्यात पाट घालतात. ती क्षणभर पाय झाडते आणि मग शांत लटकते, तेवढ्यात आकडा वाचावयाचा. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, चरावयास सोडण्यापूर्वी. गटातील एक शाळकरी मुलगी वहीत लिहिते. मागच्या भेटीत मी वही चाळली. एका पाटीपुढे १७ किलो लिहिले होते, शेजारी ‘माजावर आली’ अशी नोंद होती, आणि त्याखाली त्या मुलीने आजीच्या सांगण्यावरून लिहिले होते : ‘अजून नाही’.